वाचकांचे प्रश्न : ऑइल कूलरचा जुना संच विकताना

गेल्या अंकात करूळ घाट चढताना इंजिनाचं तेल का तापतं, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेली निम्मी पत्रं उलट्या दिशेची निघाली. ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल गार करणारी रेडिएटरसारखी जाळी, बसवून झालाय, आता तो काढून विकायचाय. म्हणून या वेळी फक्त तेवढंच.

प्रश्न : माझ्याकडे २००२ची होंडा सिटी व्हीटेक आहे. चार वर्षांपूर्वी १९ ओळींचा ऑइल कूलर, थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (इंजिन आणि फिल्टर यांच्या मध्ये बसणारी) आणि स्टीलच्या जाळीच्या नळ्या असा संच बसवला. गाडी आता मेहुण्याला देतोय, त्याला कूलर नको आहे. संच वेगळा विकला तर किती मागावेत? जाहिरातीत काय लिहावं?
(वाचक, राजारामपुरी)

उत्तर : किंमत नंतर ठरवू. आधी सगळा माल जुन्या वर्तमानपत्रावर मांडा आणि मोजा. कूलरची जाळी, सँडविच प्लेट, प्लेटचा मधला बोल्ट, दोन नळ्या, नळ्यांची चार टोकं, कूलरच्या तोंडांवरचे दोन अडॅप्टर, पट्ट्या आणि रबरी बुश. यातला मधला बोल्ट सगळ्यात जास्त वेळा हरवतो. तो नसेल तर घेणाऱ्याला प्लेट बसवताच येत नाही, आणि हे त्याला पार्सल उघडल्यावर कळतं. मग फोन, मग भांडण.

ओळी मोजताना तेल वाहणाऱ्या चपट्या पट्ट्या मोजायच्या, मधल्या नागमोडी पत्र्याच्या घड्या नव्हे. २३५ मि.मी. रुंदीच्या नेहमीच्या जाळीत एका ओळीला साधारण पावणेआठ मि.मी. उंची जाते, म्हणजे १९ ओळींची जाळी दीडशे मि.मी.च्या आसपास भरते. कंपनी कोणती, ते खरं लिहा. स्वीडनची सेट्रॅब आणि इंग्लंडची मोकॅल यांच्यासारख्या दिसणाऱ्या बिननावाच्या जाळ्या भरपूर फिरतात. त्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, पण नकलेला असलीचा भाव मागितला की जाणकार गिऱ्हाईक पहिल्याच फोटोत ओळखतं आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

फोटो सहा पुरेत. जाळीच्या दोन्ही बाजू, दोन्ही तोंडांचे आटे अगदी जवळून, प्लेटची इंजिनाकडची बाजू, नळ्यांवर छापलेला मजकूर आणि मधला बोल्ट मोजपट्टीशेजारी ठेवून. चकचकीत पॉलिश मारून काढलेल्या फोटोंनी उलट शंका येते.

जाहिरातीचा मजकूर असा असू द्या : 'ऑइल कूलर संच, १९ ओळी, जाळीची रुंदी २३५ मि.मी., तोंडं एम२२×१.५, त्यावर एएन-१० अडॅप्टर. थर्मोस्टॅट प्लेट, फिल्टरचे आटे एम२०×१.५ (होंडाला बसते). नळ्या एएन-१०, दोन, प्रत्येकी अमुक सें.मी., अमुक सालच्या. चार वर्षं वापर. इंजिन कधी उघडलेलं नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात आठ-दहा घड्या दबलेल्या, फोटो पाहा. गळती नाही, तीन बार दाबाला पाण्यात तपासलेला.' एम२२, एएन-१० ही आट्यांची मापं, त्यांचा खुलासा पुढे गडहिंग्लजच्या उत्तरात आहे. तुमच्या कूलरची तोंडं वेगळी असतील तर अर्थात तीच लिहा. यातलं 'इंजिन कधी उघडलेलं नाही' हे वाक्य खोटं लिहायचं नाही. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

आता किंमत. पाया धरायचा तो तुम्ही चार वर्षांपूर्वी मोजलेला आकडा नव्हे. तोच संच आज नवा मागवला तर आयातशुल्क आणि कुरिअर धरून दारात किती रुपयांना पडतो, तो आकडा घ्यायचा. त्यातले सुटे भाग वेगवेगळे करा. घड्या सरळ आणि तोंडं शाबूत असलेल्या असली जाळीला निम्मी किंमत मागायला हरकत नाही. थर्मोस्टॅट प्लेट बोल्टासकट असेल तर तिला निम्म्याहून थोडं वर. नळ्यांचं गणित निराळं आहे. आतून नायट्राइल रबर असलेली नळी दोन वर्षांची असेल तर एक तृतीयांश धरा, चार-पाच वर्षांची असेल तर शून्य. वरून स्टीलची जाळी असल्यामुळे आतल्या रबराला गेलेला तडा दिसतच नाही. नळी कानाशी धरून हळू वाकवा. कुरकुर ऐकू आली तर ती कुणालाच विकू नका. टोकं मात्र उघडून पुन्हा वापरता येण्याजोगी असतील तर त्यांना वेगळी किंमत आहे. तुमच्या चार वर्षांच्या नळ्या घासाघीस सुरू झाली की 'राहू द्या, तशाच घ्या' म्हणायला बऱ्या.

आणि हो, कोल्हापुरातच गिऱ्हाईक शोधत बसू नका. इथं अशा गाड्या हौसेनं बनवणारे पुष्कळ आहेत, पण होंडाच्या जुन्या व्हीटेकसाठी कूलर शोधणारा माणूस पुण्या-बंगळूरला, नाहीतर चेन्नई-कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांत जास्त सापडेल.

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या इंजिनाचं बेअरिंग गेलं. इंजिन पूर्ण बांधून घेतलं, तेव्हा ऑइल कूलर काढून ठेवला. तीन वेळा रॉकेलनं धुतलाय, चुंबक फिरवून पाहिलं, काही लागलं नाही. बंगळूरचा एकजण घ्यायला तयार आहे. विकू ना?
(वाचक, कागल)

उत्तर : नाही. जाळी भंगारात घाला.

हे इतकं ठाम सांगायचं कारण तेलाच्या वाटेत आहे. पंप संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं तेल उचलतो, ते सँडविच प्लेटमध्ये येतं, तिथून कूलरला जातं, परत प्लेटमध्ये येतं आणि मग फिल्टरमध्ये शिरतं. म्हणजे बहुतेक संचांत कूलर फिल्टरच्या आधी असतो. बेअरिंगचा चुरा न गाळता थेट जाळीत गेला. जाळीच्या प्रत्येक चपट्या ओळीत तेल घुसळण्यासाठी बारीक दातेरी पत्रा बसवलेला असतो, आणि १९ ओळींत तेल वाटलं गेल्यामुळे एकेका ओळीत त्याचा वेग पडतो. वेग पडला की जड कण खाली बसतात आणि दात्यांच्या मागे अडकतात. तुम्ही रॉकेल ओतलं तेव्हा ते ज्या ओळी मोकळ्या होत्या त्यांतूनच वाहून गेलं. चोंदलेल्या ओळीत ते शिरलंच नाही. रॉकेल स्वच्छ निघालं ते त्यामुळे.

चुंबकाचा पुरावाही इथं फसवा आहे. बेअरिंगच्या पृष्ठभागावर तांबं, कथील, शिसं किंवा ॲल्युमिनियम असतं. चुंबक यातलं काहीच ओढत नाही. चुंबकाला लागतो तो फक्त पोलादाचा कीस, म्हणजे प्रकरण शाफ्टपर्यंत गेल्यानंतरचा.

'फिल्टर कूलरच्या पुढे आहे, मग कण तिथं अडकतील की,' असं घेणारा म्हणेल. अडकतील, फिल्टरची बायपास झडप बंद आहे तोवर. सकाळी थंड इंजिन चालू करताना तेल घट्ट असतं, फिल्टरमधून पुरेसं जात नाही, तेव्हा ती झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे सोडते. नेमक्या त्याच वेळी गरम-गार होण्यानं आणि हादऱ्यानं सुटलेला कण नव्या बेअरिंगवर जाऊन बसतो.

त्या संचातून काय वाचेल? नळ्यांची ॲल्युमिनियमची टोकं आणि अडॅप्टर. ती सुटी करून पेट्रोलमध्ये ब्रशनं घासली की आरपार दिसतात, काही लपून राहत नाही. पट्ट्या, बुश, मधला बोल्टही ठेवा. प्लेट घ्यायची तर थर्मोस्टॅटची कांडी काढून फेकून द्या, सगळी भोकं तारेच्या ब्रशनं साफ करा आणि नवी कांडी घाला. नवी कांडी मिळत नसेल तर प्लेटही जाऊ द्या. नळ्यांच्या आतल्या रबरात कण रुतून बसतात, त्यामुळे नळ्या कापून टाका. कापायच्या यासाठी की भंगारवाल्याकडून उचलून पुन्हा कुणी बसवू नये. जाळीलाही हातोड्याचा एक दणका द्या.

प्रश्न : जुना कूलर विकण्याआधी गळती तपासायची आहे. आमच्या इथला रेडिएटरवाला म्हणतो, 'टाकीत घालतो, धुऊनही मिळेल आणि टेस्टही होईल.' चालेल का?
(वाचक, इचलकरंजी)

उत्तर : टेस्ट चालेल, टाकी कोणती ते आधी विचारा. तांब्या-पितळेचे रेडिएटर उकळायला अनेकजण कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरतात. ॲल्युमिनियम त्यात घातलं की फेस येतो आणि धातू खाल्ला जातो. अर्ध्या तासात जाळी वरून पांढरट पडते, सांधे पातळ होतात, आणि गळती तिथल्या तिथं न दिसता महिन्याभरानं सुरू होते. तेव्हा साध्या पाण्याचीच टाकी हवी.

पद्धत अशी. एका तोंडावर बूच घट्ट बसवा, दुसऱ्यावर हवेचं निपल आणि गेज. रेग्युलेटर लावून तीन बार हवा भरा, जाळी पूर्ण बुडवा आणि पाच मिनिटं हलवू नका. सुरुवातीला घड्यांत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. ती गळती नव्हे. हातानं झटकून ती काढा, मगच पाहा. एकाच जागेवरून ठरावीक अंतरानं बुडबुडा येत राहिला तर गळती. बहुतेकदा ती दोन जागी सापडते. एक, तोंडाच्या मुळाशी जिथं वेल्डिंग आहे तिथं. दोन, खालच्या ओळीच्या टोकाला, जिथं खडा लागलेला असतो.

'तेलाचा दाब तर सहा-सात बारपर्यंत जातो, मग तीन बारवर काय कळणार?' असं कुणी विचारलं तर ते बरोबर आहे. पण दाबलेली हवा फुटली तर बूच गोळीसारखं सुटतं. त्याहून जास्त दाब द्यायचा तर हवेनं नव्हे, तेल भरून हातपंपानं द्या. डिझेल इंजिनाचे नोझल तपासणाऱ्याकडे असा पंप असतो. पाण्यात तपासल्यावर जाळी उन्हात दोन दिवस तोंडं खाली करून ठेवा, मग थोडं इंजिन ऑइल आत फिरवून दोन्ही तोंडांना बुचं लावा.

धुण्याबद्दल एवढंच : वॉशिंग सेंटरचा प्रेशरपंप जवळून मारू नका, घड्या झोपतात. उसाच्या हंगामात इकडच्या रस्त्यांवर फिरलेल्या कूलरमध्ये पाचटाचे तुकडे, धूळ आणि तेल यांचा थर साचून गोधडी झालेली असते. ती डिझेलमध्ये रात्रभर भिजवून, मऊ ब्रशनं आणि मागच्या बाजूनं हवा मारून निघते. वाकलेल्या घड्या बारीक दातांच्या कंगव्यानं सरळ करता येतात.

प्रश्न : ऑनलाइन जुना संच घेतला. विकणाऱ्यानं 'तोंडं २२ एम.एम.' सांगितलं होतं. माझ्याकडचे एएन-१० अडॅप्टर दोन फेरे जातात आणि अडकतात. दोष कुणाचा? लेथवाल्याकडून आटे पाडून घेऊ का?
(वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : आटे अजिबात पाडू नका. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर ओळखायची पट्टी) लावून घ्या.

गोंधळ होतो कारण तीन वेगळे आटे व्हर्निअरवर जवळजवळ सारखेच दिसतात. एम२२×१.५ चा बाहेरचा व्यास २२ मि.मी., दोन आट्यांमधलं अंतर दीड मि.मी. एएन-१० म्हणजे ७/८-१४ यूएनएफ, व्यास २२.२ मि.मी., इंचात १४ आटे, म्हणजे अंतर १.८ मि.मी. तिसरा ५/८ बीएसपी, व्यास २२.९ मि.मी., आणि त्याचेही इंचात १४च आटे, फक्त कोन ६०ऐवजी ५५ अंशांचा. यातला पहिला आणि दुसरा एकमेकांत दोनेक फेरे जाऊन फसतात. तुमचं तेच झालेलं दिसतं. दुसरा आणि तिसरा जास्त धोक्याचे, कारण पिच गेजही दोघांना '१४' म्हणतं. कोन आणि व्यास दोन्ही पाहिले तरच ते वेगळे ओळखू येतात.

दोष विकणाऱ्याचा अर्धा. '२२ एम.एम.' हे माप झालं, आट्यांची ओळख नव्हे. तुम्हाला हवेत ते एका टोकाला बाहेरून एम२२×१.५ आटे आणि दुसऱ्या टोकाला एएन-१० असे अडॅप्टर. ते तयार मिळतात. एम२२च्या बाजूला सीलिंग वायसर लागतो. एएन-१०च्या बाजूला ३७ अंशांचा शंकू शंकूवर बसतो, आटे फक्त तो दाबून धरतात. तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळली तर गळती थांबत नाही, उलट टेपचा तुकडा तेलात जातो.

घट्ट करताना दोन पाने लागतात. एक नळीच्या नटावर, दुसरा कूलरच्या तोंडावर उलट धरून. एकाच पान्यानं ओढलं की तोंड मुळातून पिळतं. वर सांगितलेली वेल्डिंगजवळची गळती बहुतेक वेळा अशीच जन्माला येते.

फिल्टरच्या आट्यांबाबत तर ढिलाई नकोच. होंडाला एम२०×१.५ लागतो, टोयोटाच्या पुष्कळ पेट्रोल इंजिनांना ३/४-१६ यूएनएफ. एम२०चा फिल्टर ३/४च्या बोल्टवर ढिला का होईना, चढतो. हातानं आवळलाही जातो. पण आट्यांची पकड नावापुरती असते, आणि पुढे हायवेवर तेलाचा दाब आला की तो फिल्टर उडून जाऊ शकतो. सँडविच प्लेट विकताना हा एक आकडा लिहिला नाही तर बाकी जाहिरात कितीही लांब असली तरी अपुरी.

प्रश्न : माझ्या संचात थर्मोस्टॅट नाही, साधी प्लेट आहे. सहा महिने जाहिरात आहे, सगळे विचारतात आणि थर्मोस्टॅट नाही कळल्यावर गप्प होतात. एवढं काय बिघडतं त्यानं?
(वाचक, शाहूपुरी)

उत्तर : रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बरंच बिघडतं. थर्मोस्टॅटवाली प्लेट तेल ८० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत बहुतांश तेल कूलरकडे जाऊच देत नाही. थोडी धार सतत सोडते, म्हणजे कूलर भरलेला आणि कोमट राहतो. साध्या प्लेटमध्ये सगळं तेल पहिल्या मिनिटापासून जाळीत. आपल्याकडच्या जुलैत, पावसात पुण्याला निघालात तर तेल साठ-सत्तरवरच रेंगाळतं. मग त्यातला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, तेल पातळ होतं, झाकणाखाली दह्यासारखा थर दिसतो. गिऱ्हाईक गप्प होतात ते यामुळे.

मार्ग दोन. नळीत बसणारा वेगळा थर्मोस्टॅट घेऊन संच पूर्ण करा, पण त्याला आणखी चार जोड येतात आणि खर्चही. किंवा जाहिरातच बदला. 'ट्रॅकसाठी, थर्मोस्टॅट नाही' असं पहिल्या ओळीत लिहा आणि जाळी वेगळी, प्लेट वेगळी विका. जाळी घेणाऱ्याकडे बहुधा स्वतःची प्लेट असतेच.

प्रश्न : पार्सल कसं पाठवायचं आणि पैसे कसे घ्यायचे?
(वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : तेलाचा थेंब निघाला की कुरिअरवाला पार्सल परत पाठवतो. सगळी तोंडं बुचांनी बंद करा, नळ्या वेगळ्या पिशवीत घाला, जाळीच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा, मगच पाच पदरी खोक्यात. कुरिअर वजन नुसतं काट्यावरचं नव्हे, आकारमानाचंही धरतं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५०००नं भागतात. ४५×३५×२० सें.मी.चं खोकं सहा किलो तीनशे ग्रॅमचं ठरतं, आत चार किलो माल असला तरी. पुणे-मुंबईसाठी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवणं बहुतेकदा स्वस्त पडतं, फक्त पावती आणि घेणाऱ्याचा फोन नंबर खोक्यावर ठळक हवा.

पैसे आधी. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. समोरचा 'क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील' म्हणाला तर तो तुमचेच पैसे काढतोय. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

प्रश्न : कूलर काढल्यावर गाडी पूर्ववत करताना काय सांभाळायचं? मिस्त्री म्हणतो, 'प्लेट काढली, फिल्टर लावला, झालं.'
(वाचक, राजारामपुरी, पहिल्याच पत्रात)

उत्तर : जवळजवळ तेवढंच आहे, चार गोष्टी सोडून. प्लेटच्या मधल्या बोल्टाबरोबर इंजिनाचा मूळ फिल्टर-बोल्ट निघून येत असेल तर तो परत बसवायचा. तो कुठल्या डबीत ठेवलाय ते आधी शोधा. प्लेटचं रबर इंजिनाच्या चकतीला चिकटून राहतं, ते नखानं काढा. त्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबरं एकावर एक येतात आणि इंजिन चालू होताच तेल जमिनीवर. कूलर आणि नळ्यांत मिळून अर्धा ते पाऊण लिटर तेल असायचं, ते आता लागणार नाही. मागच्या वेळेइतकं ओतू नका, पुस्तकातल्या आकड्यावर या आणि डिपस्टिक पाहा. शेवटी, पेट्रोलपंपाचा फ्यूज काढून पाच-पाच सेकंद स्टार्टर मारा. तेलाचा लाल दिवा विझला की फ्यूज लावा, इंजिन चालू करा आणि दोन मिनिटं खाली वाकून फिल्टरच्या कडेला बोट फिरवून पाहा.